पाणबुड्याचा दोर

परतीचे दोर कापून टाकणे हा आपल्या भाषेत शौर्याचा वाक्प्रचार आहे. सिंहगडावर तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापले, पळू लागलेले मावळे फिरले आणि गड हाती आला, ही कथा आपण सर्वांनी शाळेत ऐकली आहे. लढाईत ते शोभते. परंतु जगात असेही काही धंदे आहेत की, ज्यांत दोर कापणे म्हणजे सरळसरळ माणूस मारणे होय. पाणबुड्याचा धंदा हा त्यांपैकी एक. आज मी ह्या धंद्याच्या इतिहासातली काही पाने आपल्यापुढे उलगडणार आहे. माणूस पाण्याखाली एकटा जातो तेव्हा त्याच्यावर कोणते धोके असतात आणि त्याची तयारी कोणी करायची असते, हा माझा विषय.

कामगार संघटनेत हयात घालवलेल्या माणसाला हा विषय कसा सुचला, असे कोणी विचारील. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. पोहणे म्हणाल तर विहिरीपुरते. परंतु गेल्या तीस वर्षांत कामावरच्या अपघातांच्या चौकशीला मी पुष्कळ वेळा बसलो आहे आणि बहुतेक अहवालांत एक वाक्य हटकून भेटते : ‘इसम स्वतःच्या निष्काळजीपणामुळे मरण पावला.’ ह्या वाक्यात मरणारा नेहमी एकटा असतो. त्याला कोणी पाठवले, काय देऊन पाठवले, वर कोण उभे होते, ह्याचा पत्ता नसतो. हे वाक्य खरे की खोटे, ह्याचा तपास करायला पाणबुड्याच्या धंद्याइतका चांगला धंदा नाही. कारण त्याच्याइतका एकटा दिसणारा कामगार दुसरा नाही.

आपल्या देशापासूनच सुरुवात करू. तुतिकोरीन आणि सिलोन ह्यांच्या मधल्या मन्नारच्या आखातात मोत्यांच्या शिंपल्या काढण्याचा धंदा शतकानुशतके चालत आला. तुतिकोरीनच्या बाजूचा शेवटचा मोठा हंगाम १९५५ ते १९६१ ह्या वर्षांत झाला. जुन्या पद्धतीत पाणबुड्याजवळ कसलेही यंत्र नसे. पायाशी एक जड दगड, गळ्यात किंवा कमरेला जाळीची पिशवी आणि छातीत भरून घेतलेला एक श्वास. दगडाच्या ओझ्याने तो झपाट्याने तळाला जाई, हाताला लागतील तितक्या शिंपल्या पिशवीत कोंबी, आणि मिनिटभरात वर येई. चित्रात हा माणूस एकटा दिसतो. पण नावेवर पाहा. एका दगडामागे दोन पाणबुडे असत. एक खाली, तर दुसरा वर दम खात. आणि दोर धरायला तिसराच एक माणूस. इंग्रजांच्या दप्तरात त्याला ‘मंडक’ म्हटले आहे. दोराला झटका बसला की ओढायचे, एवढेच त्याचे काम. त्याला मोती दिसत नसे की तळ दिसत नसे. त्याचे सारे लक्ष हातातल्या दोरावर. त्याखेरीज शार्क माशांना मंत्राने बांधून ठेवणारा एक मांत्रिकही असे, आणि सरकारी हंगामातसुद्धा त्याला मान असे. मंत्राने मासे बांधले जात नाहीत हे उघड आहे. तथापि पाणबुड्याच्या मागे कोणीतरी उभे असले पाहिजे ही जाणीव त्या अडाणी समजल्या जाणाऱ्या लोकांना होती, एवढे त्यावरून दिसते.

यंत्रे आली तेव्हा ही जाणीव वाढायला हवी होती. झाले उलटेच. इंग्लंडात जॉन लेथब्रिज नावाच्या लोकरीच्या व्यापाऱ्याने १७१५ साली ओकच्या लाकडाचे एक लांबट पीप तयार केले. बघायला काच, हात बाहेर काढायला चामड्याच्या बाह्या. आत माणूस पालथा निजायचा, झाकण घट्ट बसवायचे आणि जहाजावरून पीप समुद्रात सोडायचे. आतल्या हवेवर तो अर्धा तास काम करी, मग वर ओढून भात्याने हवा बदलीत. साठ फुटांपर्यंत तो असा उतरला आणि बुडालेल्या जहाजांतून चांदी काढून त्याने आपला मोठा संसार चालवला. ह्या पिपात तो अगदी एकटा. पण तेही वरच्या दोरानेच खाली जायचे नि वर यायचे. वरच्यांनी ओढायचे विसरले तर पिपाची शवपेटी व्हायची.

खरा बदल झाला तो तांब्याच्या टोपाने. टोप, त्याला जोडलेला पाणी न शिरणारा पोशाख, आणि वरच्या पंपापासून टोपापर्यंत आलेली हवेची नळी. ही पद्धत ज्या कामावर पक्की झाली ते काम ‘रॉयल जॉर्ज’ ह्या युद्धनौकेचे. ही नौका १७८२ साली पोर्टस्मथजवळ नांगरलेली असतानाच कलंडून बुडाली आणि सुमारे नऊशे माणसे तिच्याबरोबर गेली. तिचा सांगाडा बंदराच्या वाटेत अडसर होऊन पडला होता. तो फोडून काढण्याचे काम १८३९ ते १८४३ ह्या काळात कर्नल पास्ले ह्या लष्करी इंजिनिअरने केले. त्याचे पाणबुडे म्हणजे साधे शिपाई.

इथे आपल्याला जोडीने बुडण्याचा नियम पहिल्यांदा भेटतो. माणसे दोघादोघांनी खाली जावीत, असा पास्लेचा हुकूम होता. आज हौशी पाणबुड्यांना पहिला धडा म्हणून जे शिकवतात त्याचे मूळ ह्या शिपायांत आहे. जोडीचा अर्थ मैत्री असा मात्र कोणी घेऊ नये. ह्याच कामावर जोन्स आणि गिर्व्हन अशा दोघा जवानांची एका लाकडावरून तळाशी मारामारी झाली, आणि लाथेने एकाच्या टोपाची काच फुटली! दोघेही वाचले आणि पुढे एकमेकांचे चांगले स्नेही झाले म्हणतात. आमच्या कारखान्यांतली भांडणे काही वेगळी नसतात.

त्याच कामावर दुसरा एक धडा मिळाला, तो अधिक भयंकर. खोल पाण्यात टोपातली हवा बाहेरच्या पाण्याइतक्याच दाबाची ठेवावी लागते. वर नळी फुटली की ही दाबलेली हवा नळीतून सपाट्याने वर निघून जाते, आणि बाहेरचे पाणी माणसाला पोशाखासकट टोपात कोंबू पाहते. एका शिपायाची नळी अशी फुटली. वर काढला तेव्हा त्याचा चेहरा सुजून काळानिळा झालेला, डोळ्यांतून व कानांतून रक्त आलेले. तो जगला. ह्यावर उपाय केवढा? नळी टोपाला मिळते तिथे हवा आत येऊ देणारी पण परत जाऊ न देणारी एक लहानशी झडप. पुढे ती सर्व टोपांना बसवण्यात आली. आता सांगा, ह्या शिपायाचा निष्काळजीपणा कोणता? त्याने अधिक धीर दाखवला असता तर नळी फुटायची थांबली असती काय?

आता ज्या घटनेसाठी मी हा सारा प्रपंच मांडला तिकडे वळतो. इंग्लंड आणि वेल्स ह्यांच्यामध्ये सेव्हर्न नदीची रुंद खाडी आहे. तिच्या तळाखालून रेल्वेचा बोगदा नेण्याचे काम ग्रेट वेस्टर्न रेल्वेने १८७३ साली सुरू केले. दोन्ही काठांवरून उभ्या विहिरी खणून त्यांच्या तळापासून आडवी भुयारे पुढे न्यायची अशी पद्धत. सहा वर्षांनी दोन्हीकडची भुयारे एकमेकांना भिडायला अवघे एकशेतीस यार्ड उरले, आणि ऑक्टोबर १८७९ मध्ये पाणी घुसले. गंमत अशी की, सगळ्यांना धास्ती होती नदीची. घात केला तो जमिनीतल्या गोड्या पाण्याच्या एका प्रचंड झऱ्याने. माणसे जीव घेऊन पळाली. नदीखालच्या भुयारात अशा प्रसंगासाठीच एक लोखंडी दार बसवलेले होते. पळताना ते उघडेच राहिले. त्याबद्दल त्या मजुरांना दोष देणाऱ्याने एकदा अंधाऱ्या भुयारात कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून पाहावे.

काम टॉमस वॉकर ह्या कंत्राटदाराकडे आले. त्याने मोठमोठे पंप बसवले, पण पाणी हटेना. नदीखालचे लांब भुयार तोडून वेगळे करायचे तर ते दार बंद केले पाहिजे. दार विहिरीपासून सुमारे हजार फूट आत. भुयार पाण्याने छतापर्यंत भरलेले, काळोख मिट्ट, वाटेत उलटलेल्या ढकलगाड्या, लाकडे, हत्यारे. दारापाशी पोहोचणाऱ्याने आधी पलीकडे जाऊन एका नळावरची झडप पाडायची, परत अलीकडे यायचे, दारातून गेलेले दोन रूळ उखडायचे, दार लोटायचे आणि मग बाजूच्या नळाची झडप ठरावीक फेरे फिरवून बंद करायची. हे सारे हातांनी चाचपून. ह्या कामाला जो माणूस निवडला त्याचे नाव अलेक्झांडर लँबर्ट.

नोव्हेंबर १८८० मधली ही हकीकत. पहिल्या खेपेस तो नेहमीच्या टोपाने आणि नळीने गेला. वॉकरने बेत नीट केला होता. एक पाणबुड्या विहिरीच्या तळाशी नळी सोडायला, दुसरा अर्ध्या वाटेवर ती पुढे सरकवायला आणि तिसरा लँबर्ट स्वतः. हे तिघेही निष्णात. लँबर्ट दारापासून शंभरेक फुटांच्या आत पोहोचला. पण हवेने भरलेली नळी पाण्यात तरंगते. ती छताला जाऊन घासू लागली आणि हजार फूट नळी ओढण्याचे बळ कोणाही एका माणसात नसते. तो मागे फिरला. येताना त्याच नळीचे वेढे वाटेत आडवे. त्यातून सुटून आला हीच मोठी गोष्ट.

त्याच सुमारास हेन्री फ्लूस नावाच्या, पूर्वी व्यापारी जहाजावर नोकरी केलेल्या एका तरुणाने नळीशिवाय बुडण्याचे उपकरण काढले होते. रबरी मुखवटा, श्वासाची पिशवी, प्राणवायूने भरलेले तांब्याचे नळकांडे, आणि उच्छ्वासातला दूषित वायू शोषून घ्यायला दाहक पोटॅशच्या द्रावात भिजवलेले काथ्याचे तंतू. माणूस तोच वायू धुऊन पुन्हा पुन्हा घेतो, म्हणून नळी नको, पंप नको. वॉकरने फ्लूसला बोलावले. फ्लूस स्वतः उतरलाही. परंतु तो संशोधक. मुरलेला पाणबुड्या नव्हे. ते भुयार पाहून तो परत आला. मला ह्यात भ्याडपणा दिसत नाही. आपल्याला जे येत नाही ते ओळखून मागे फिरणे ही तयारीचीच एक पायरी आहे, आणि ती पायरी फार थोड्यांना चढता येते. त्याने आपले उपकरण लँबर्टला दिले.

लँबर्ट ह्या नव्या वस्तूने थोडा सराव करून उतरला. आता तो खरोखर एकटा होता. पंपावरचे गडी स्वस्थ बसून होते, कारण त्यांना करण्यासारखे काही उरले नव्हते. त्या खेपेस त्याने दार गाठले, एक रूळ उखडला, दुसरा निघेना, तेव्हा परत आला. दुसऱ्या दिवशी नव्हे, विश्रांती घेऊन एक दिवस सोडून १० नोव्हेंबरला पुन्हा गेला. तासाभराहून अधिक वेळ तो त्या काळोखात होता. दुसरा रूळ निघाला, दार लागले, झडपेचे सांगितलेले फेरे मोजून फिरवले, आणि तो वर आला.

आपल्याकडच्या क्रमिक पुस्तकात धडा असता तर तो इथे संपला असता. पण पुढची गोष्ट अधिक मोलाची आहे. पंप सुरू झाले आणि पाणी अपेक्षेपेक्षा फार सावकाश उतरू लागले. दार लागले असूनही असे का, हे कोणाला उमगेना. डिसेंबरात माणसे पायी दारापर्यंत गेली तेव्हा उलगडा झाला. त्या झडपेचा आटा उलटा, डावखुरा होता. आणि झडप मुळात बंदच होती. लँबर्टने सांगितल्याबरहुकूम, अचूक फेरे मोजून, ती उघडली होती!

ह्या झडपेजवळ मी पुष्कळ दिवस थांबलो आहे. एक माणूस जीव हातावर घेऊन हजार फूट काळोखात जातो, आणि त्याच्या श्रमांचा काही भाग वाया जातो, तो कशाने? वरच्या कोरड्या खोलीत बसलेल्या कोणाला तरी आपण बसवलेल्या झडपेचा आटा कोणत्या हाताचा ते आठवले नाही, म्हणून. खाली गेलेल्याला पाहता येत नव्हते. विचारायची सोय नव्हती. जोडीला माणूस असता तर त्यालाही तेच सांगितलेले असते. एकट्याची तयारी म्हणजे त्याचे धैर्य आणि त्याची हत्यारे, असे आपण समजतो. त्याला दिलेली माहिती हेही एक हत्यार आहे, आणि ते परजण्याचे काम नेहमी दुसऱ्याकडे असते.

माहितीचा दुसरा अभाव ह्याहून घातक होता. फ्रान्समध्ये पॉल बेर ह्या शास्त्रज्ञाने १८७८ सालीच दाखवून दिले होते की, शुद्ध प्राणवायू दाबाखाली घेतला तर तोच विष होतो; प्राण्यांना झटके येतात. लँबर्ट दोन वर्षांनी पाण्याच्या दाबाखाली तोच वायू हुंगत होता, आणि ही विद्या पॅरिसहून त्या विहिरीच्या काठापर्यंत पोहोचलेली नव्हती. १८८० मध्ये तो निभावला. १८८३ च्या ऑक्टोबरात झरा पुन्हा फुटला, पुन्हा दार बंद करायचे ठरले, पुन्हा लँबर्ट. ह्या खेपेस फ्लूसचे उपकरण घालून तो मरता मरता वाचला, आणि काम शेवटी नळीच्या साध्या पोशाखाने पार पाडावे लागले.

माणूस तोच, उपकरण त्याच जातीचे, भुयार तेच. मग एकदा तरला आणि एकदा बुडता बुडता वाचला, असे का? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने ह्या विषयावर पुष्कळ प्रयोग केले. त्यांत दिसून आले की, प्राणवायूचे विष माणसामाणसाला वेगवेगळ्या वेळी बाधते, इतकेच नव्हे तर एकाच माणसाला आज एका वेळी तर उद्या दुसऱ्या वेळी. जे. बी. एस. हाल्डेन ह्यांनी असे झटके स्वतःच्या देहावर सोसून पाहिले. हेच हाल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन राहिले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. ‘मागच्या वेळी जमले होते’ हे शब्द मी पुष्कळ मुकादमांच्या तोंडून ऐकले आहेत. मागच्या वेळी जमले होते, ही तयारी नव्हे. सेव्हर्नच्या भुयारात त्याचा निकाल लागलेला आहे.

बोगदा १८८६ मध्ये वाहतुकीला खुला झाला. तो झरा काही बुजला नाही. सडब्रुकचे पंप आजही दिवसाला सुमारे पाच कोटी लिटर पाणी उपसतात, म्हणून गाड्या चालतात. लँबर्टने १८८५ मध्ये बुडालेल्या ‘आल्फोन्सो बारावा’ ह्या स्पॅनिश जहाजातून, ग्रान कानारिया बेटाजवळ, सुमारे एकशेसाठ फूट खोलीवरून सोन्याच्या नाण्यांच्या दहापैकी सात पेट्या वर काढल्या. एवढ्या खोलीवरून वर यायचे कसे, किती थांबे घ्यायचे, ह्याचे कोष्टक तेव्हा जगात अस्तित्वात नव्हते.

ते कोष्टक केले ते ह्या हाल्डेनांच्या वडिलांनी, जॉन स्कॉट हाल्डेन ह्यांनी. दाबाखाली नत्रवायू रक्तात आणि मांसात विरघळतो. माणूस झटकन वर आला की, सोड्याच्या बाटलीचे झाकण काढल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात आणि सांधे, मणके, मेंदू ह्यांत अडकतात. म्हणून टप्प्याटप्प्याने वर या, हा त्यांचा सिद्धांत १९०८ साली प्रसिद्ध झाला. शेळ्यांवर प्रयोग करून त्यांनी तो बसवला. पण ह्याच कामात त्यांनी आणखी एक शोध लावला, त्याची चर्चा कमी होते आणि कामगारांच्या दृष्टीने तो मोठा आहे. खोल पाण्यात पाणबुड्यांना धाप लागे, ते थकून अर्ध्यावर काम सोडत. हे पाण्याच्या दाबाने होते अशी समजूत होती. हाल्डेनांनी टोपातली हवा तपासली. दोष पाणबुड्याच्या दमात नव्हता, वरच्या पंपात होता. पंप गळके, आणि जितके खोल तितकी हवा अधिक लागते ह्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. उच्छ्वासातला वायू टोपातच साठून माणूस घुसमटत होता. पंप दुरुस्त केले, हवा वाढवली, तीच माणसे अधिक खोल जाऊन धडधाकट काम करू लागली.

पण कोष्टक छापले म्हणून पाळले जाते असे नाही. ग्रीसमधल्या कालिम्नोस बेटावरचे स्पंज काढणारे पाणबुडे घ्या. गेल्याच्या गेल्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे टोपाचा पोशाख आला आणि थोड्याच वर्षांत बेटावर लुळ्यापांगळ्या जवान माणसांची रांग लागली. त्यांना का कळत नव्हते? कळत होते. हंगामाच्या आधी कप्तान त्यांना उचल देई. घरात धान्य भरून, देणी भागवून माणूस नावेवर चढे, आणि मग ती उचल फेडायला दिवसातून जितक्या वेळा सांगतील तितक्या वेळा बुडी मारणे भाग पडे. उचल म्हणजे काय हे आपल्या ऊसतोडीच्या टोळ्यांना सांगायला नको. त्या बेटावर आजही एक नाच नाचतात; त्यात रांगेतला पुढचा नाचणारा काठी टेकीत, थरथरत्या पायांनी, लुळ्या पाणबुड्याची नक्कल करतो.

आपल्या काळात हौसेने एकट्याने बुडणारेही आहेत. मालवण-तारकर्लीला पर्यटक जातात ते मार्गदर्शकाचा हात धरून. पण जगात असे अनुभवी लोक आहेत की, जे एकटे जाणे पसंत करतात आणि त्यासाठी हवेची दुसरी स्वतंत्र टाकी, दुसरा मुखवटा, दुसरी सुरी असा सारा सरंजाम दुहेरी नेतात. त्यांचे म्हणणे असे की, नवशिक्या जोडीदारापेक्षा दुसरी टाकी भरवशाची. ह्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. तथापि शेक एक्स्ली हा अमेरिकन, ज्याने पाण्याखालच्या गुहांतले अपघात एकेक करून तपासले आणि त्यांवरून नियम बसवले, तोच १९९४ मध्ये मेक्सिकोतल्या झाकातोनच्या डोहात सुमारे २७० मीटर खोलीवर गेला. त्याचा साथीदार त्याच वेळी दुसऱ्या दोराने उतरत होता. वर आला तो एकटा साथीदारच. एक्स्लीने स्वतःच्या खुशीने, स्वतःच्या हिशेबाने ती जोखीम घेतली होती. मला प्रश्न पडतो तो ज्यांनी जोखीम मागितलेली नाही त्यांचा.

मंडळी, अशी माणसे पाहायला समुद्रावर जायला नको. आपल्या गावच्या गटारांच्या झाकणांखाली ती उतरतात. तिथे पाणी छातीइतके असेल नसेल, पण हवा नसते. सडलेल्या मैल्यातून निघणारा वायू एकदोन श्वासांत माणसाला आडवा करतो. खालचा हाक देईना म्हणून दुसरा धावून उतरतो आणि तोही पडतो, मग तिसरा. बातमीत आपण नेहमी दोन किंवा तीन मेले असे वाचतो, ते ह्यामुळे. पाणबुड्यांच्या धंद्यात जे नियम ठरले, म्हणजे वरून हवा द्या, कमरेला दोर बांधा, दोर धरणारा वर ठेवा, त्याला जागचे हलू देऊ नका, त्यांतला एक जरी पाळला तरी दुसरा-तिसरा माणूस तरी वाचेल. कायदा झालेला आहे. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा प्रत्येक मृत्यूला दहा लाखांची भरपाई ठरवली, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती तीस लाख केली. भरपाईची रक्कम वाढवावी लागली, ह्यावरून माणसे उतरवणे थांबलेले नाही हे उघड आहे.

काही वर्षांपूर्वी एका नगरपालिकेत ह्याच प्रश्नावर आमची बैठक झाली. यंत्र येईपर्यंत माणूस उतरवायचाच असेल तर प्रत्येक झाकणाशी तीन माणसे हवीत, अशी आमची मागणी होती : एक उतरणारा, एक पंपाशी, एक दोराशी. साहेबांनी कागद वाचला. पहिल्या दोघांवर खूण केली आणि तिसऱ्यावर पेन्सिल ठेवून विचारले, “हा तिसरा काय करणार?”

मी म्हणालो, “दोर धरून उभा राहणार.”

“नुसता उभा राहणार? आणि त्याला आम्ही दिवसाची पूर्ण मजुरी द्यायची?”

मी त्यांना लँबर्टची हकीकत सांगितली, पंपाची सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. गृहस्थ वाईट नव्हते. चहा झाला. मग हिशेबनिसाशी बोलून त्यांनी प्रत्येक झाकणामागे दोन माणसे मंजूर केली.